मंत्र्यांचं रिकामं टेबल

आमच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी मंत्री यायचे. ते टीव्हीवरच्या मालिकेतले होते. त्यांच्या टेबलावर दोन फोन असायचे, एक काळा आणि एक लाल. आमचा टीव्ही काळा-पांढरा असल्यामुळे लाल कुठला ते अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. फोनांखेरीज एक पेनस्टँड आणि एक फुलदाणी. कागद मात्र एकही नाही. मंत्री उभे राहून बोलायचे, शक्यतो खिडकीकडे तोंड करून, आणि 'राजीनामा' हा शब्द आला की मागून नगाऱ्यासारखं काहीतरी वाजायचं. दर दोन-तीन भागांआड कुणीतरी त्या रिकाम्या टेबलावर एक पाकीट ठेवायचं. समोरचा ते उघडायचा, वाचायचा, त्याचा चेहरा पडायचा आणि सरकार हलायचं. पाकिटात काय होतं ते पुढच्या बुधवारी कळायचं, आणि वीज गेली तर कधीच कळायचं नाही. मी तेव्हा वीस वर्षांची होते, कॉलेजात राज्यशास्त्र घेतलेलं, वाचनालयातलं हाताला लागेल ते पुस्तक संपवलेलं, आणि स्वतःला फार शंकेखोर समजत होते. त्या मालिकेतलं सगळं खोटं आहे हे मला कळत होतं. नेमकं खोटं कुठे आहे ते मात्र कळत नव्हतं.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं, आणि घर ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते, म्हणून वस्तीतला पहिला टीव्ही आमचा. मालिकेच्या वेळी ते पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" खालून तीस माणसं एका सुरात म्हणायची, "गेलं!" गावातलेही काही जण ओढा ओलांडून यायचे आणि ओट्यावर बसायचे. आई सगळ्यांसाठी चहा टाकायची. वस्तीतले घ्यायचे. गावातले म्हणायचे, "आत्ताच घिऊन आलो." दर बुधवारी गावातली झाडून सगळी माणसं आमच्याकडे निघण्यापूर्वी नेमकी आत्ताच चहा घ्यायची. आई काही बोलायची नाही, तेवढे कप कमी भरायची. मालिका ती बघायची नाही, ऐकायची. चुलीपुढे भाकरी थापल्याचा थपथप आवाज मंत्र्यांच्या भाषणात मिसळायचा, आणि मधेच आतून प्रश्न यायचा, "ह्या मंत्र्याकडं कुनी कामं घिऊन येतच न्हाई का गं?"

हे विचारायचा तिला अधिकार होता, कारण ती गावची सरपंच होती. सरपंचपद आमच्या प्रवर्गातल्या बाईसाठी राखीव झालं होतं, आणि नऊ सदस्यांत तशी बाई ती एकटीच. सातवी शिकलेली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोठ्यात आणि कांद्यात राबलेली. आमच्या घरी राजकारण सकाळी सहाला दार वाजवून यायचं आणि बहुतेक वेळा रडवेलं असायचं. कुणाला रहिवासी दाखला हवा, कुणाच्या सासऱ्याने उतारा दाबून ठेवलेला, कुणाच्या हातपंपाची साखळी तुटलेली. सरपंचाची सही असून भागायचं नाही, शिक्का लागायचा, आणि शिक्का ग्रामसेवकाच्या पिशवीत असायचा. ग्रामसेवकाकडे तीन गावं होती आणि तो कायम चौथ्याच गावात असायचा. आई शिक्क्याच्या मागे जेवढी चालली तेवढे ते मंत्री सगळ्या भागांत मिळून चालले नसतील. पुढे मी पंचायत समितीत नोकरीला लागले आणि अशी शंभर ऑफिसं पाहिली. आजही मालिकेत राजकारणाचा सीन आला की मी नटांकडे बघतच नाही, शाईचा पॅड कुठे दिसतो का ते बघते. अजून दिसलेला नाही.

अण्णांना हे सगळं फार सपक वाटायचं. ते आईला शिकवायचे, "मीटिंगला जरा आवाज चढवावा. टेबलावर हात आपटावा. माणसं दबतात."

"टेबलावर दौत असती," आई म्हणायची. "हात आपटला तर शाई ठरावाच्या वहीवर."

भांडण सुरू झालं ते नळावरून. गावात पाण्याची टाकी झाली होती आणि तिची एक लाइन आमच्या वस्तीला यायची होती. तोवर वस्तीतल्या बाया ओढा उतरून पलीकडच्या हातपंपावरून पाणी आणत होत्या, आईसुद्धा. सरपंच डोक्यावर हंडा घेऊन ओढा चढतेय आणि मागून एक जण दाखल्यासाठी चालतोय, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं. उपसरपंच सोपानराव यांना ती लाइन आधी त्यांच्या मळ्याच्या बाजूने न्यायची होती. तसा ठराव ग्रामसेवकाने लिहूनही आणला होता. आईने सही केली नाही. आवाज चढवला नाही, हात आपटला नाही, नुसतं पेनाचं टोपण लावलं. आठ दिवसांत तिच्यावर अविश्वास ठरावाची नोटीस आली.

नऊपैकी सहा हात वर झाले की आईचं पद जाणार होतं. तिच्या जागी बसायला तिच्या प्रवर्गातली दुसरी बाई नव्हती, म्हणून कारभार आपोआप उपसरपंचांकडे, आणि त्यांच्याबरोबर नळही मळ्याकडे. सोपानरावांचे स्वतःसह पाच पक्के. आईचे तिच्यासह तीन. उरल्या सुभद्राबाई. त्यांची जमीन वस्तीला लागून, बांधापलीकडे त्यांचा गोठा. चाळिशीच्या, बोलायला कमी. सही करण्यापूर्वी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर लावायच्या आणि मग 'सुभद्रा' हे नाव असं सावकाश, वळणदार काढायच्या की तहसीलच्या साहेबांनीही कौतुक केलं होतं. त्या कोणाच्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांचे यजमान बबनराव सांगतील त्याच्या, असं सगळ्यांनी धरलं होतं.

आमच्या भागात अविश्वास ठराव आला की सदस्यांना देवदर्शनाला नेतात. नोटीस निघाली की जीप येते, ठरावाच्या बाजूचे सगळे तिच्यात बसतात, आणि सभेच्या दिवशी ती जीप थेट सभेच्या दारात येऊन थांबते. मधे घरी जाऊ द्यायचं नाही, कारण घरी गेला की माणूस विचार करतो. सोपानराव दोन जीपा घेऊन आले. सुभद्राबाईंना नेलं, बाईमाणूस एकटी कशी जाणार म्हणून बबनरावांनाही नेलं. गोठ्यात त्यांची जर्सी गाय पहिलारू होती, पहिल्यांदाच व्यायची होती. बबनराव म्हणाले, "अजून आठ-दहा दिस हायेत तिला." मागे घरात उरली सुभद्राबाईंची सासू, डोळ्यांनी अधू.

सभेला चार दिवस होते. अण्णांनी आईसाठी भाषण लिहायला घेतलं आणि पहिल्या दोन पानांत फक्त 'बंधुभगिनींनो' पक्कं झालं. बुधवारही मधे आला. मंत्र्यांवर अविश्वास ठराव नव्हता, पण त्यांच्या जावयाने पाकीट ठेवलं आणि वीज टिकली. ओट्यावर गावातलं एकही माणूस नव्हतं. आईने शेंगोळे केले होते, ताटात तसेच राहिले.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी बांधापलीकडून हाक आली.

"शांते! ए शांते! गाय आडली गं!"

सुभद्राबाईंची सासू होती. मी लहान असताना ही बाई आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, आणि तेही हात लांब करून. आई हातातलं पीठ झटकून उठली. मी दारात आडवी झाले.

"आई, ती बाई उद्या तुझ्याविरुद्ध हात वर करणार आहे."

"बाई करंल," आई म्हणाली. "गायीला कुठं मत हाय? सायकल काढ, दूध संस्थेतनं डॉक्टरला फोन लाव."

मी फोन करून परत आले तेव्हा म्हातारीने आईचा दंड घट्ट धरला होता आणि गाय खाली बसून मान आपटत होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत मुडपलेला. डॉक्टर तालुक्याहून मोटरसायकलवर यायला दोन तास लागले. तेवढा वेळ आई गायीच्या पाठीशी गुडघे टेकून बसली होती, तिला उलटं पडू देत नव्हती, तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती. गोठ्यात माश्यांचा आवाज आणि गायीचा श्वास, दुसरं काही नाही. डॉक्टर आले, कोपरापर्यंत हात घालून त्यांनी पाय फिरवला, आणि मग दोरी लावून आई, मी आणि ते, तिघांनी ओढलं. कालवड झाली. म्हातारी चाचपत चाचपत तिच्या तोंडातला फेस पुसू लागली. डॉक्टर हात धुताना म्हणाले, "वार पडली नाही अजून. उद्या बारापर्यंत पडली नाही तर मला यावं लागेल, आत राहिली तर गाय दगावते. कुणीतरी लक्ष ठेवा."

घरी येताना आई म्हणाली, "हे कुठं बोलू नको."

"का?"

"म्हातारीच्या घरची गोष्ट हाय. ती सांगंल तिच्या सुनंला."

"सून थेट सभेला उतरणार. हात वर करून मग घरी जाणार. तोवर तिला कळणार कसं?"

"न्हाई कळनार," आई म्हणाली आणि अंघोळीच्या पाण्याला जाळ घालायला गेली.

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते फार गचाळ कथानक वाटलं. एवढा प्रसंग घडला आणि ज्याला कळायला हवा त्याला तो कळतच नाही, असं कुठे असतं? मी खोलीत जाऊन वहीतला कोरा कागद फाडला आणि लिहिलं, 'मतदानापूर्वी एकदा आपल्या गोठ्याचा विचार करा. ज्या हातांनी काल आपल्या गायीला मृत्यूच्या दारातून परत आणलं, त्याच हातांतला कारभार आज आपण काढून घेणार आहात. निर्णय आपला आहे.' शेवटचं वाक्य तर सरळ बुधवारचं होतं. कागदाची घडी केली, अण्णांच्या कारखान्याच्या पत्रव्यवहारातलं एक पाकीट घेतलं आणि भाताच्या शिताने चिकटवलं.

सभा अकराची होती. ग्रामपंचायतीच्या एकुलत्या खोलीबाहेर अर्धं गाव जमलं होतं. मी खिडकीशी जागा धरली. तहसीलदार साहेब खुर्चीत बसले होते, त्यांच्यासमोरच्या टेबलावर दौत, शिक्का, ठरावाची वही, हजेरीपत्रक, नोटिशीच्या नकला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कागदांवर ठेवलेली कुलपांची जोडी. जीपा आल्या. सहा सदस्य कपाळाला गंध लावून रांगेने उतरले आणि रांगेनेच आत गेले. बबनराव मागोमाग निघाले तेव्हा साहेबांनी त्यांना दारात थांबवलं, "फक्त सदस्य." ते माझ्या शेजारी खिडकीला येऊन उभे राहिले. सुभद्राबाई आईच्या शेजारच्या नेहमीच्या खुर्चीकडे वळल्या, पण सोपानरावांनी हाताने त्यांना आपल्या बाजूला बसवलं. आईने मान वर केली नाही. शिपाई पाण्याचे पेले घेऊन आत चालला होता. मी त्याच्या ट्रेमध्ये पाकीट ठेवलं. "सुभद्राबाईंना."

पाकीट टेबलावर पडलं. सुभद्राबाईंनी ते उघडलं, कागद काढला, पिशवीतून चष्मा काढून लावला. बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पडला नाही, काहीच झालं नाही. मग त्यांनी सवयीने डावीकडे बघितलं. तिथे आई बसायची. आज आई समोर होती, मधे तहसीलदार साहेब. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. कागद त्यांनी उलटा धरला होता.

"वहिनी, आना इकडं," सोपानराव म्हणाले, आणि त्यांनी तो कागद काढून घेतला.

त्यांनी तो मुकाट्याने खिशात घातला असता तर ते त्या दिवशी सरपंचाच्या खुर्चीत बसले असते. पण त्यांच्याही घरी टीव्ही होता, आणि तो रंगीत होता. ते उभे राहिले. कागद हातभर लांब धरला, खिडकीकडे तोंड केलं आणि मंत्र्यांच्या आवाजात, मधे योग्य तेवढे थांबे घेत, माझं पत्र सगळ्या सभेला वाचून दाखवलं. नगाराच काय तो वाजायचा राहिला. 'निर्णय आपला आहे' वर त्यांनी कागद टेबलावर आपटला. दौत लवंडली.

"साहेब, हे उघड उघड आमिष हाय! गाय सोडवली म्हनून मत मागत्यात!"

साहेब वही उचलून शाई झटकत होते. आई माझ्याकडे बघत होती. तशी नजर मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. आणि तेवढ्यात सुभद्राबाई बोलल्या.

"गाय व्याली?"

त्यांनी आईकडे बघितलं. "शांताबाई, माझी गाय व्याली?"

"व्याली. कालवड हाय," आई म्हणाली. "आडली हुती. डॉक्टरनं सोडवली."

"वार पडली का?"

"सकाळपत्तूर न्हाई पडली. डॉक्टर बाराला येनार हायेत परत."

सुभद्राबाईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि उठल्या. "साहेब, मी जाते."

"बाई, मतदान व्हायचंय," साहेब म्हणाले.

"तुमचं व्हऊ द्या की."

"वहिनी, बसा," सोपानराव दाराकडे सरकले. "पाच मिन्टाचं काम हाय. हात वर केला की झालं."

"चार दिस बसलेच की भावजी," सुभद्राबाई म्हणाल्या. "सरका."

ते सरकले. सभेतून उठून जाणाऱ्या सदस्याला अडवता येत नाही, हे साहेबांनी त्यांना सांगितलं, पण त्याआधीच ते सरकले होते. सुभद्राबाई पायऱ्या उतरून ओढ्याच्या वाटेला लागल्या. बबनराव खिडकी सोडून त्यांच्यामागे धावले. "अगं, थांब! इज्जतीचा प्रश्न हाय!" त्या थांबल्या नाहीत. सोपानरावांनी दहा मिनिटं मागून घेतली. साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सगळी खोली आणि सगळं आवार त्या वाटेकडे बघत होतं. पुढे बाई, मागे हातवारे करणारा नवरा, ओढ्यात दोघं दिसेनासे झाले. मी आयुष्यात पुष्कळ दहा मिनिटं पाहिली, एवढी लांब पाहिली नाहीत. ओढ्याच्या पलीकडच्या चढावर परत दोघं दिसले, तेव्हा नवरा गप्प झाला होता आणि मुकाट मागे चालत होता. साहेबांनी घड्याळ मनगटाला बांधलं आणि हात वर करायला सांगितले.

पाच.

वस्तीतल्या बायांनी आईला उचलायचंच बाकी ठेवलं. अण्णांनी न झालेलं भाषण तिथेच पायरीवर करून टाकलं. मी घरी धावले आणि आईची वाट बघत बसले. मला अजूनही वाटत होतं की ती निदान हसेल. ती आली, हात धुतले, परातीत पीठ घेतलं.

"नळ ऱ्हायला," ती म्हणाली. "ते बरं झालं. त्या बाईची मात्र तू सगळ्यांदेखत शोभा केलीस."

मग तिने मला सांगितलं. पहिल्या मीटिंगपासून सुभद्राबाई तिच्या शेजारी बसत होत्या ते उगीच नाही. प्रत्येक ठराव आई त्यांच्या कानाशी हळूच वाचून दाखवायची, मग त्या चष्मा लावून सही करायच्या. सही बबनरावांनी गिरवून घेतलेली, चष्मा जत्रेतला. हे कानाशी वाचणं दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं. बबनरावांनाही नाही, त्यांना वाटायचं, बायको ते सांगतात तिथे सही करते. "मळ्याचा ठराव मी वाचला तवा ती म्हनली, मी न्हाई करनार ह्याच्यावर. मला वाटत हुतं, सभेत माझ्या शेजारी बसली तर ती हात खालीच ठेवंल. न्हाईतर न्हाई." आई भाकरी थापायला लागली. "जिला वाचता येत न्हाई तिला चिठ्ठी. ती बी पाकिटात."

मालिकेत कुठलाही मंत्री असा नव्हता ज्याला पाकीट दिल्यावर वाचता येत नाही. ते मला सुचलंच नव्हतं. खोटं कुठे आहे ते मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी बांधावरच्या सगळ्या घरांना सुभद्राबाईंकडून खरवसाचा चीक गेला. गाय व्याली की तो शेजाऱ्यांना द्यायचा असतो. आमच्याकडे आला नाही. मी माफी मागायला गोठ्यात गेले तेव्हा त्या धार काढत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तू शिकलेली," चरवीत दुधाचा आवाज चालूच होता, "तुला वाटतं सगळ्यांनाच येतं."

पुढच्या मीटिंगला आईने नवा रिवाज घातला. कुणाच्या कानाशी काही बोलली नाही. वही उघडली आणि एकेक ठराव उभं राहून, मोठ्याने, सगळ्या नऊ जणांना वाचून दाखवला, मगच सह्या घेतल्या. सोपानरावांना कंटाळा आला, त्यांनी तसं म्हटलंही. त्याच मीटिंगला वस्तीच्या लाइनचा ठराव वाचला गेला, आणि चष्मा न लावता सुभद्राबाईंनी त्यावर सही केली. उन्हाळ्याच्या आत नळ आला. पुढे माझ्या नोकरीत जिथे जिथे मला सभा घ्याव्या लागल्या तिथे मी हाच रिवाज ठेवला. लोक मला फार वेळखाऊ बाई म्हणत. म्हणू देत.

सव्वा वर्षाने ती गाय परत व्याली, यावेळी कुणालाही न बोलावता. बुधवार होता. मंत्री अजून खुर्चीवर होते. मालिकेला जाहिराती होत्या तोवर त्यांना धोका नव्हता. अण्णा पत्र्यावर, माणसं खाली, आणि ओटा चढून सुभद्राबाई आत आल्या. हातात झाकणाचा डबा. ओट्यावर थांबल्या नाहीत, सरळ टीव्हीसमोर सतरंजीवर येऊन बसल्या आणि डबा आईकडे दिला. "चीक हाय. पहिल्या धारेचा." आईने डबा आत ठेवला आणि चहा टाकला. ओट्यावरच्या गावातल्या माणसांनी मंत्र्यांवरची नजर काढून कपावर लावली. सुभद्राबाईंनी कप घेतला, फुंकर घातली, प्यायल्या. पडद्यावर मंत्री खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"ह्याच्या टेबलावर एक बी कागद कसा न्हाई?" सुभद्राबाईंनी विचारलं.

आई चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली.

"बरंच हाय म्हना," त्या म्हणाल्या. "असता तर ह्यालाबी शेजारी एक शांताबाई लागली असती." आणि त्यांनी रिकामा कप आईपुढे केला. "आनखी हाय का गं?"